थॉर्नबी आणि लीस्क यांच्यातला फरक

रोज सकाळी आश्लेषा कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायची. तिकडे न्यू जर्सीत तिचे बाबा जेवणाआधीची गोळी घेऊन कॉम्प्युटर उघडायचे. मग बापलेक मिळून दोनशे वर्षांपूर्वीच्या दोन इंग्रज गृहस्थांची भांडणं वाचायची.

उद्योग मुळात बाबांचा. डॉक्टर चंद्रशेखर यांचं सगळं आयुष्य लोकांच्या छातीला कान लावण्यात गेलं होतं. निवृत्त झाले, पाठोपाठ आई गेली, आणि घर खायला उठलं. जवळच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत जुन्या इंग्रज शास्त्रज्ञांच्या पत्रांची एक पेटी होती. ती अक्षरं उलगडून टाइप करायला स्वयंसेवक हवे होते. डॉक्टरांची प्रिस्क्रिप्शनं आयुष्यभर वाचलेल्या माणसाला अक्षराचं कसलं भय! बाबांनी पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं. लायब्ररीचा नियम एकच होता: टाइप केलेलं पत्र दोघांनी तपासायचं. एकाने मोठ्याने वाचायचं, स्वल्पविरामासकट, आणि दुसऱ्याने मूळ पत्राच्या फोटोवर नजर ठेवून चूक पकडायची. धाकटा भाऊ निमिष बाबांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहायचा, पण दोन पानांतच त्याला जांभया यायच्या. म्हणून ही कामगिरी आश्लेषाकडे आली.

ती तशी योग्य जागीच आली होती. व्हिडिओ कॉलवर एक माणूस बोलतो आणि पलीकडच्याला ऐकू जातं, त्यात जो बारीकसा उशीर होतो तो मोजायचा आणि कमी करायचा, यासाठीच आश्लेषाला पगार मिळत होता. आणि पत्रांमधलं भांडणही उशिराचंच होतं.

रेव्हरंड थॉर्नबी हे हौशी खगोलशास्त्रज्ञ. स्वतःच्या बागेत वेधशाळा बांधलेले, पैसेवाले, नाकावर राग. जोनास लीस्क आधी त्यांचा सहायक होता, पुढे दुसरीकडे नोकरीला लागला. तेव्हा ताऱ्याची वेळ टिपायची पद्धत अशी होती: दुर्बिणीच्या भिंगात एक उभी तार ताणलेली असायची, तारा सरकत सरकत त्या तारेला ओलांडायचा, शेजारी घड्याळाची टिकटिक चालू असायची, कोणत्या ठोक्याला ओलांडलं ते डोळ्याने पाहायचं, कानाने ऐकायचं आणि लिहायचं. आता तारा एक, घड्याळ एक, पण लीस्कची वेळ नेहमी थॉर्नबींच्या आधीची यायची. पापणी लवायला लागते त्याच्याही आत, पण आधीची. थॉर्नबींचं म्हणणं, हा पोरगा ताऱ्याची वाट न पाहता अंदाजपंचे लिहितो. लीस्क आदबीने कळवायचा की तसं नाही, महाशय, आणि सोबत मधाची बरणी पाठवायचा. मध पोचल्याचं थॉर्नबी कळवायचे, दाढ दुखत असल्याचंही कळवायचे, आणि पुन्हा ताऱ्यावर यायचे.

"दोघंही प्रामाणिक होते गं," बाबा म्हणायचे. "त्या काळात हे नुकतंच कुठे लोकांच्या लक्षात येत होतं. प्रत्येक माणसाचा आपला आपला उशीर असतो."

"माझा किती असेल?"

"तुझा? तू 'पुढच्या महिन्यात येते' म्हणालीस तेव्हा दिवाळी होती. आता बाहेर बर्फ पडतंय."

हे बोलणं हसण्यावारी जायचं, पण आश्लेषाला ते लागायचं. बाबांच्या हृदयाची एक झडप अरुंद होत चालली होती. ऑपरेशन करायचं की नाही यावर ते स्वतःच डॉक्टर असल्यामुळे कोणाचं ऐकत नव्हते. त्यांनी एकच मागितलं होतं. पेटीतलं शेवटचं पत्र फोनवर वाचायचं नाही, समोरासमोर बसून वाचायचं. "तू ये. मी ते अजून उघडलेलं नाही," ते म्हणायचे. आणि आश्लेषा म्हणायची, सॉफ्टवेअरचा हा रिलीज झाला की येते. एक रिलीज झाला, दुसरा आला. आई गेली तेव्हाही ती विमानात होती. या खेपेला वेळेवर पोचायचं, बाबांचा हात हातात घेऊन बसायचं, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं. तारीख तेवढी पक्की होत नव्हती.

आणि मग एका सकाळी बाबा वाचत असताना तिला एक चूक दिसली. मुळात 'मंगळवार' होतं, बाबांनी 'गुरुवार' वाचलं. ती सांगायला तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "हो हो, मंगळवार. केलं दुरुस्त."

त्यांचं त्यांनाच दिसलं असेल, असं वाटून ती गप्प बसली. दोन ओळींनंतर पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तर ती विचारणार होती, 'बाबा, पायावरची सूज कशी आहे?' आणि त्याआधीच ते पायाकडे पाहत म्हणाले, "आज कमी आहे."

"आधी कळस मग पाया!" आश्लेषा हसली. "मी विचारलं तरी का?"

बाबा स्क्रीनकडे पाहत राहिले. चष्मा काढून त्यांनी पुसला. "विचारलंस की," ते म्हणाले.

तिला वाटलं, नेटवर्कचा घोळ. तो तर तिच्या हातचा मळ. ऑफिसला जायच्या आधी तिने आपल्या कामाची हत्यारं त्या कॉलला लावली. सगळं ठीक होतं. आवाज जायला लागायचा तेवढाच वेळ लागत होता. तसाही उशीर कमी करत करत फार तर शून्यावर आणता येतो. शून्याच्या खाली उत्तर जात नाही. प्रश्नाआधी उत्तर पोचवणारं नेटवर्क अजून कोणी बांधलेलं नाही. हे तिला पाठ होतं, आणि तरी त्या दिवशी मीटिंगमध्ये तिचं लक्ष लागेना. 

पुढच्या पत्रांत थॉर्नबींचा सूर बदलला होता. बाबा वाचत होते: 'आपलं उत्तर मिळालं, स्वल्पविराम, परंतु ज्या प्रश्नाचं ते उत्तर आहे तो प्रश्न मी आज सकाळी कागदावर उतरवला, आणि तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे. पूर्णविराम. हा विनोद असेल तर तो मला रुचलेला नाही.' खाली लीस्कचं उत्तर होतं: 'महाशय, आपलं पत्र मला नेहमीप्रमाणे टपालाने मिळालं. अक्षर आपलं, मोहोर आपली. मी नेहमीप्रमाणे उत्तर पाठवलं. आपली प्रकृती कशी आहे?'

आश्लेषाने चहाचा कप खाली ठेवला. "बाबा, हे विचित्र आहे."

पण बाबा त्याआधीच म्हणत होते, "आहे खरं विचित्र. पण एक लक्षात घे, आशू. दोन माणसांमधला फरक मोजता येतो. चुकतंय कोण, ते दोघांत बसून कळत नाही. थॉर्नबीला वाटतं लीस्क पुढे पळतोय. लीस्कला वाटत असेल म्हातारा मागे पडतोय. त्यासाठी तिसरा लागतो."

"मग आणला का त्यांनी तिसरा?"

"गावातला घड्याळजी आणला. पुढच्या पत्रात आहे." बाबांनी पान बाजूला ठेवलं. "तू आता दोनदा विचारलंस हे."

तिने एकदाच विचारलं होतं.

शनिवारी तिने शंतनूला शेजारी बसवलं. शंतनू तिचा नवरा. चिप डिझाइनमधला, शांत डोक्याचा, कोणत्याही गोष्टीवर 'लेट्स टेस्ट इट' म्हणणारा. बाबा पलीकडे कपावर चमचा वाजवणार, आणि ऐकू आल्याबरोबर इथे दोघांनी 'हं' म्हणायचं, असं ठरलं. सगळा कॉल रेकॉर्ड करायचा. बाबांना मजा वाटत होती. त्यांनी मुद्दाम आईचा चांदीचा चमचा घेतला होता.

चमचा वाजला. शंतनू 'हं' म्हणाला. आश्लेषा 'हं' म्हणाली. पुन्हा वाजला. मग बाबा खुर्चीत मागे टेकले आणि गप्प झाले. शंतनूने तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"काय झालं? अजून वाजवा ना," आश्लेषा म्हणाली.

"झालं की, यार," शंतनू हळूच म्हणाला. "केव्हाच झालं. तूच 'बास' म्हणालीस."

रेकॉर्डिंग तिने एकटीने ऐकलं. त्यात काहीच गडबड नव्हती. चमचा वाजत होता, शंतनूचा 'हं' आणि तिचा 'हं' जोडीने येत होते. पुष्कळ वेळा वाजल्यावर तिचाच आवाज म्हणाला, 'बास, बाबा, कळलं मला.' आवाज घोगरा होता, जरा रडवेला. तपासणीचा प्रत्येक कॉल लायब्ररीसाठी आपोआप रेकॉर्ड व्हायचा; तिने ती जुनी रेकॉर्डिंगंही काढून ऐकली. 'बाबा, तिथे मंगळवार आहे,' ती म्हणते. मग बाबा म्हणतात, 'हो हो, मंगळवार.' 'पायावरची सूज कशी आहे?' ती विचारते. 'आज कमी आहे.'

प्रश्न आधी होता, उत्तर नंतर. जगाच्या दृष्टीने सगळं जागच्या जागी होतं. ती वाक्यं तिने उच्चारली होती, आणि उच्चारल्याचं तिच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जगाचा उशीर मोजणाऱ्या बाईचा स्वतःचा उशीर कोणी मोजला नव्हता.

घड्याळजीने काय निकाल दिला, ते बाबांनी सोमवारी वाचलं. लीस्क त्यासाठी थॉर्नबींच्या वेधशाळेत आला, घड्याळजी तीन संध्याकाळी दोघांच्या मधे बसला, आणि त्याची वेळ लीस्कच्या वेळेशी जुळली. त्यावर थॉर्नबींनी त्याच्या खानदानाचा उद्धार केला होता. एरवी बापलेक त्यावर पोट धरून हसली असती. आश्लेषाला भीती वाटली. अगदी साधी, लहानपणी वाटायची तशी भीती.

डॉक्टरांना दाखवून झालं. मेंदूचे फोटो निघाले. सगळं उत्तम आहे, झोप नीट घ्या, असा सल्ला मिळाला.

फरक मात्र वाढत गेला. ती स्वयंपाकघरात चहा करायला गेली, तर गाळण्यात चोथा होता आणि तिचा कप धुऊन पालथा घातलेला. शंतनू म्हणाला, "आत्ताच तर प्यायलीस, माझ्यासमोर." तिच्या जिभेला त्याचा पत्ता नव्हता. ती ऑफिसला गेली. आणि पार्किंगमध्ये गाडी लावताना तिच्या तोंडात आल्याचा चहा आला. गरम. घोट घोट करत, शेवटच्या गाळापर्यंत. ती स्टिअरिंगवर हात ठेवून तो संपेपर्यंत बसून राहिली.

मीटिंगमध्ये ती मुद्दा मांडायला जायची, तर लोक आधीच माना डोलवत असायचे. तिने बोलणं कमी केलं. पण कमी केलंय की जास्त, हे तरी तिला कुठे कळत होतं? शंतनू अधूनमधून तिच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "रडू नकोस." तेव्हा ती रडत नसायची. रडू मागाहून यायचं, भाजी चिरताना, नाहीतर कपडे वाळत घालताना, आणि त्याला कारण नसायचं.

तिने बाबांना सगळं सांगितलं. सांगायला लागली तेव्हा ते म्हणाले, "सांगितलंस तू. मी विचार करतोय." त्यांचा चेहरा उतरला होता. श्वास लागत होता.

"आज पत्र नको वाचायला," ती म्हणाली.

"एवढं एक वाचू. शेवटून दुसरं आहे. थॉर्नबीचं." त्यांनी वाचायला सुरुवात केली. आज स्वल्पविराम म्हणायला ते विसरत होते. 'आपण लिहिता की गेल्या महिन्यात मी आपल्या घरी आलो, मुक्काम केला, आपल्या पत्नीने भाजलेलं बदक वाढलं आणि मी त्याची तोंडभरून स्तुती केली. जोनास, मी अजून घरातून निघालेलो नाही. माझी बॅग दारात आहे. परंतु आज सकाळपासून माझ्या तोंडाला बदकाची चव आहे, आणि ते खरोखर उत्तम झालं आहे. आपल्या पत्नीला तसं सांगावं.'

 खिडकीबाहेर कोणीतरी पाचोळा उडवायचं मशीन चालवत होतं.

"पहिल्यांदाच त्याने 'जोनास' म्हटलंय बघ," बाबा म्हणाले. मग त्यांनी कॅमेऱ्यात अगदी सरळ पाहिलं. "आशू, आता रिलीज-बिलीज राहू दे. वरातीमागून घोडं नको. तू ये. उद्या नीघ."

"निघते," ती म्हणाली. निदान तिला वाटलं, ती म्हणाली.

फोन दुसऱ्या सकाळी आला. निमिष होता. बाबांना हॉस्पिटलमधून परत घरी आणलंय, ते आता तिथे राहायला तयार नाहीत, नर्स येते, ताई तू लगेच नीघ. हॉस्पिटलमध्ये कधी नेलं होतं, हे तिने विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता. ती बॅग भरायला कपाटाकडे धावली.

शंतनूने एअरपोर्टवर सोडलं. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. उतरताना मात्र म्हणाला, "पोचलीस की कळव," आणि तिला त्याच्या आवाजात घाई जाणवली नाही. तो असं बोलला, की जणू हे सगळं त्याचं एकदा बोलून झालं होतं.

विमानात तिला खिडकीची जागा मिळाली. बाजूच्या माणसाने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाणी घेऊन बाई आली आणि न थांबता पुढे गेली. आश्लेषाच्या पुढ्यात रिकामा पेला होता. तहान लागलेली नव्हती.

ती मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होती. पोचू दे. या वेळी पोचू दे.

न्यूअर्कला उतरली तेव्हा बर्फ पडत होतं. टॅक्सीच्या काचेवरचे वायपर एका लयीत फिरत होते. हमरस्ता सोडून गाडी बाबांच्या गल्लीकडे वळली, आणि तिच्या फोनवर मेसेज झळकला. आपला प्रवास कसा झाला? कृपया रेटिंग द्या.

तिने ड्रायव्हरकडे पाहिलं. तो समोर बघून गाडी चालवत होता.

तिने फोन पालथा घातला.

बाबांच्या घराच्या पायऱ्या ती दोन-दोन करत चढली. बेल दाबली. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की पायऱ्या कोरड्या आहेत. ऊन पडलं होतं. कुंपणाशी बर्फाचा एक मळकट ढीग तेवढा उरला होता. मागे वळून पाहिलं तर रस्त्यावर टॅक्सी नव्हती.

हातात बॅग नव्हती. दुधाचा कॅन होता.

दार निमिषने उघडलं. त्याच्या डोक्यावर केस नव्हते.

"आलीस फिरून?" तो म्हणाला. "बरं केलंस दूध आणलंस. लोक येतील संध्याकाळी."

ती उभीच राहिली. तो बाजूला झाला, तिच्या हातातून कॅन घेतला. आतून उदबत्तीचा वास येत होता. हॉलमध्ये तिची बॅग उघडी पडली होती, त्यात कपडे कोंबलेले होते. रेडिएटरवर तिचा टॉवेल वाळत होता.

"निमिष," ती म्हणाली. "बाबा..."

"बस जरा. दमलीस तू, ताई. इतक्या रात्री जागलीस." त्याचे डोळे भरून आले. "तू होतीस म्हणून बरं. मी असतो ना एकटा, तर कोसळलो असतो. त्यांची नजर कोणाला शोधत नव्हती शेवटी. तुझा हात धरला होता ना."

"मी होते?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. दुःखात माणसं असं बोलतात, हे त्याला माहीत असावं. "तू होतीस," तो समजुतीने म्हणाला. "सगळा वेळ. शेवटचं पत्रही तूच वाचून दाखवलंस. मी किचनमध्ये होतो. तुम्ही दोघं हसत होतात. मला वाटलं, चला, बरं वाटतंय त्यांना."

"काय होतं त्या पत्रात?"

"मला काय माहीत? तुम्हा दोघांची ती भानगड." तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "तू फाडलीस ना त्याची प्रिंट. बाबांनीच सांगितलं, फाडून टाक म्हणून."

निमिष दूध ठेवायला आत गेला. आश्लेषा बाबांच्या खोलीत आली.

पलंगावरची गादी काढलेली होती. जिथे त्यांना खाली ठेवलं होतं त्या जागी जमिनीवर पाटाखाली पीठ पसरलं होतं, आणि पाटावर दिवा होता. बॅटरीचा, खरा लावला की छतावरचा धुराचा अलार्म केकाटतो. त्याची खोटी ज्योत थरथरत होती. पलंगाशेजारी खुर्ची ओढून ठेवलेली होती. खुर्चीच्या पाठीला तिची शाल होती.

ती पोचली होती. वेळेवर पोचली होती. सगळ्यांनी पाहिलं होतं.

तिला ओरडावंसं वाटलं. बाबांनी काय विचारलं, ती काय बोलली, ते कशाला हसले, यातलं काहीही तिच्याजवळ नव्हतं. ती खुर्चीत बसली. शाल उबदार नव्हती. बाहेर निमिष कपाट उघडून पातेलं शोधत होता.

"ताई, चहा टाकू?" त्याने विचारलं. क्षणभर थांबून तो पुन्हा म्हणाला, "बरं, बिनसाखरेचा."

तिने उत्तर दिलेलं नव्हतं.

तिने उजवा हात मांडीवर उताणा ठेवला. खोलीत काही हललं नाही. दिव्याची ज्योत तेवढी आपल्या ठरलेल्या चालीने लुकलुकत होती.

मग तळहात गरम झाला.

आधी अंगठ्याशी, मग करंगळीच्या बाजूने. कोरडी, सुरकुतलेली बोटं तिच्या बोटांभोवती एकेक करून मिटली. त्यातलं एक बोट तिच्या मनगटावर, नाडीच्या जागी जाऊन टेकलं. डॉक्टरांची सवय.

 रिकाम्या हातावर वजन होतं. पकड चांगली घट्ट होती.

बाहेर चहा उकळला, गाळला गेला, कप टेबलावर आला. निमिषने दोनदा हाक मारली. ती जागची उठली नाही, बोट हलवलं नाही. पुढे काय यायचं ते तिला माहीत होतं, आणि ते अजून यायचं होतं.

पकड अजून सैल झाली नव्हती.